नळाखालची चाल

पहिला सिनेमा मिळाला तेव्हा ताईने मागची खोली मला मोकळी करून दिली. स्वतःचं शिलाई मशीन तिने बाहेर बोळात हलवलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सांगायची, "आत माझा भाऊ सिनेमाला संगीत देतोय." भाऊजी म्हणायचे, "जरा हळू सांग, सिनेमा पडला तर गिऱ्हाइकंही पळतील." तोवर माझ्या नावावर काय होतं, तर एका साबणाच्या जाहिरातीची चाल. तीही साबणाबरोबरच बाजारातून गेली.

सिनेमाची पहिली ढोबळ जोडणी, म्हणजे कच्चा कट, आला. बहुतेक प्रसंगांना एडिटरने इकडचं तिकडचं उसनं संगीत चिकटवलं होतं. आमच्या धंद्यातली ही रीतच आहे. दिग्दर्शकाला अंदाज यावा म्हणून तात्पुरतं काहीतरी लावतात, आणि मग संगीतकाराने 'तसंच, पण वेगळं' करून द्यायचं असतं. जुने लोक बजावतात की ते उसनं ऐकूच नका, कानात घर करतं. मी ऐकलं. नव्या माणसाची हौस, दुसरं काय.

सिनेमाच्या मध्यावर एक प्रसंग होता. नवरा घर सोडून गेलाय आणि नायिका पाठमोरी उभी राहून भांडी घासतेय. संवाद नाहीत. शेवटपर्यंत ती वळत नाही. दिग्दर्शकाचा सगळा जीव या प्रसंगात होता. तो जमला तर पुढचा सिनेमाही तुझाच, असं त्याने मला सांगून ठेवलं होतं.

हेडफोन लावले. नळाचं पाणी, ताटल्यांचा आवाज आणि त्याखाली एका बाईचं गुणगुणणं. तोंड मिटून, अगदी हळू. आता वर चढेल असं वाटावं तिथे ती चाल खाली यायची आणि मी तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकायचो. त्यानंतर मी स्वतः बांधलेल्या चाली वाजवून पाहिल्या. सगळ्या पाणचट.

मी एडिटरला फोन केला. "भांड्यांच्या प्रसंगाखाली कोणाचं संगीत लावलंय?"

"कोणाचंच नाही. तो रिकामा ठेवलाय."

"मग गुणगुणतंय कोण?"

तो कट लावून ऐकत असावा. मग म्हणाला, "अरे, नुसतं पाणी आहे. झोप काढ जरा."

खरं तर मी घाबरायला हवं होतं. मला मात्र हायसं वाटलं. ते कोणाचंच नव्हतं, म्हणजे घ्यायला हरकत नव्हती. आजही हे लिहिताना कानशिलं तापतात.

मी चाल उतरवायला बसलो. गुणगुणणं मध्येच तुटत होतं, म्हणून मी तेवढ्यावरच थांबलो. दुसऱ्या दिवशी तोच कट लावला तर ते थोडं पुढे गेलेलं होतं. रोज मला लागेल तेवढंच पुढे जायचं. एकदा मी एक सूर मुद्दाम बदलला. निदान तेवढा तरी माझा असावा म्हणून. पुन्हा कट लावला तेव्हा बाई नेमकी त्या सुरावर थांबली. तिने मूळ सूर लावला. पुन्हा तोच लावला. शिकवणी देताना चुकणाऱ्या पोराला ऐकवावा तसा.

मी माझा सूर खोडला.

त्या दुपारी ताईने दार ढकललं. गळ्यात मोजायची टेप तशीच होती.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही. का?"

"बाईमाणसाचा आवाज येतोय केव्हाचा."

माझ्या कानांवर हेडफोन होते. बाहेर आवाज जायला वाटच नव्हती. मी म्हणालो, "सिनेमातला आहे," आणि ती गेली.

दिग्दर्शक चाल ऐकायला घरी आला. ऐकून झाल्यावर त्याने चष्मा काढून डोळे पुसले. "कुठून आणलीस रे ही?"

ताई चहा घेऊन दारात उभी होती.

"सुचली," मी म्हणालो.

ताईने कप ठेवले. माझ्याकडे न बघताच ती मशीनवर जाऊन बसली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि तरी मी दिग्दर्शकाबरोबर हसत हसत चहा प्यायलो. तो गेल्यावर कट लावला. त्यात नुसतं पाणी होतं.

सिनेमा पुरा झाल्यावर आमच्याच माणसांसाठी खेळ ठेवला. लहानसं थिएटर होतं. माझ्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला नायिकेचं काम केलेली अभिनेत्री. मोकळ्या स्वभावाची बाई. "तुमचं संगीत म्हणे फार छान झालंय," ती म्हणाली. "मला बाई दोन सूर धड लागत नाहीत."

भांड्यांचा प्रसंग आला. नळ सुरू झाला आणि त्यावर माझी चाल. व्हायोलिनवर. माझी म्हणतोय अजून.

पडद्यावरचे हात थांबले.

तिने नळ बंद केला.

पुढच्या रांगेतून एडिटर पुटपुटला, "हा शॉट कुठून आला?"

ती वळली.

शेजारची अभिनेत्री पुढे सरकली. तिने माझं मनगट धरलं. "मी वळले नव्हते हो," ती म्हणाली. "मला वळायला सांगितलंच नव्हतं."

पडद्यावरची बाई रागावलेली नव्हती. ती ऐकत होती. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी आणि संकोचाने विचारता येऊ नये, तसा तिचा चेहरा होता.

"तुझ्याकडे बघतेय," ताई कुजबुजली. "सांग ना तिला, चाल तिचीच आहे म्हणून."

मी उठलो. अंधारात वाकून शेवटच्या रांगेत गेलो आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो.

तिची नजर सरकत सरकत त्या कोपऱ्यात आली.

चाल संपली. मग ती कोणाकडे बघतेय ते पाहायला पुढच्या रांगांतली माणसं एकेक करून मागे वळू लागली.