पाठमोरी बयोआत्या

गुरुवारी संध्याकाळी नवऱ्याचे, राजनचे शर्ट आणायला मी लियाकतच्या लाँड्रीत जायची. शारजात, अल मजाजला आमच्या इमारतीखालीच त्याचं दुकान होतं. शर्टाची घडी मोडू नये म्हणून तो आत पांढरा पुठ्ठा घालायचा. "भाभी, आप शर्ट लेने आती हो या गत्ता?" असं म्हणत दोनचार कोरे पुठ्ठे वर ठेवून द्यायचा.

त्या पुठ्ठ्यांवर मी लेकीच्या, दियाच्या खडूंनी घरच्या गोष्टी काढायची. दिया तेव्हा दुसरीत होती. जन्म इथलाच. आपली माणसं तिला ठाऊक असावीत, ती कशी वागली ते कळावं, एवढंच माझ्या मनात. इमारतीतली मुलंही ऐकायला यायची. पण मी शिकले मॅट्रिकपर्यंत, आणि चित्रकला त्याहूनही कमी. चेहरे काही केल्या जमत नसत. म्हणून मी सगळ्यांना पाठमोरंच काढायची. राजन चिडवायचा, "माझे सगळे पूर्वज तुझ्यावर रुसून बसलेत."

दियाची आवडती होती बयोआत्या, राजनच्या वडिलांची आत्या, केव्हाच वारलेली. लहानपणी ती धुक्यात मिठागरात वाट चुकली. पुढे न जाता होती तिथेच बांधावर बसून राहिली, म्हणून वडिलांना सापडली. मोठेपणी जत्रेत हरवलेलं मूल दिसलं की ती त्याच्याजवळ जाऊन बसायची. त्याचं माणूस येईपर्यंत उठायची नाही. "वाट चुकली की पाय थांबवायचे. शोधणाऱ्याला एकच जागा शोधू द्यायची," असं म्हणायची. हिरवं नऊवारी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, अशी मी तिला काढली होती. तो पुठ्ठा दियाच्या पलंगावर भिंतीला चिकटवलेला असे.

एका शुक्रवारी आम्ही लाल वाळूच्या टेकड्या पाहायला गेलो. राजनच्या ऑफिसचा ड्रायव्हर हमदुल्ला आम्हाला गाडीतून घेऊन गेला होता. मोठा पठाण माणूस, खांद्यावर चादर, बोलणं कमी. मी डबे उघडत होते. दिया टेकडीवरून घसरगुंडी खेळत होती. पलीकडच्या अंगाला घसरली, की हसत पुन्हा वर यायची.

आधी आवाज आला. कढईत रवा परतताना येतो तसा, बारीक, सगळीकडून. मग भाजलेल्या मातीचा वास. मी मान वर केली तेव्हा टेकडीचा माथा धूसर झाला होता, आणि दिया वर आलीच नव्हती.

राजन धावला. त्याच्या पावलांचे ठसे माझ्या डोळ्यांदेखत बुजत गेले. भर दुपारी दिवेलागणीसारखा अंधार झाला. हमदुल्लाने राजनला दंडाला धरून मागे आणलं आणि मला गाडीत बसवलं. मी हॉर्न दाबत राहायचं, त्या आवाजाच्या अंदाजाने त्या दोघांनी दोन बाजूंना शोधायचं, असं ठरलं. मी हॉर्न दाबून धरला. काचेबाहेर हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. दिया, चालू नकोस... बस गं बाळा, बसून राहा... एवढंच मी पुटपुटत होते.

राजन रिकाम्या हातांनी परतला. मग हमदुल्ला आला. त्याच्या चादरीत दिया होती. केसांत वाळू नाही, डोळ्यांत वाळू नाही. मी तिला कुशीत घेतलं तेव्हा मला रडूसुद्धा आलं नाही.

"आय डिड नॉट वॉक, आई. आय सॅट."

"भीती नाही वाटली?"

"नो. बयोआत्या वॉज देअर."

राजनने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच विचारलं, "कशी दिसत होती?"

दियाला प्रश्नाचंच नवल वाटलं. "हाऊ वुड आय नो? शी हॅड हर बॅक टू मी. लाइक ऑल्वेज."

हमदुल्ला गाडी सुरू करत नव्हता. वारा दियाच्या समोरून येत होता, आणि तो वाऱ्याला पाठ देऊन शोधत गेला होता. म्हणजे दियाच्या समोरच्या बाजूने, जिकडे बयोआत्याचं तोंड होतं.

"भाईसाब," मी म्हटलं, "आपने... सामने से देखा?"

तो मागे न वळताच बोलला.

"अपने बुज़ुर्ग को मेरा सलाम कहना, भाभी. चेहरे का... मत पूछो।"

घरी आलो. खिडक्या सकाळपासून बंद होत्या. पलंगावरची चादर स्वच्छ होती. भिंतीवर बयोआत्या तशीच, पाठमोरी. हिरवं लुगडं, अबोलीचा गजरा, कुठे कणभर धूळ नाही. मी हात जोडायला पुढे झाले, आणि पुठ्ठा मला फुगल्यासारखा दिसला. चिकटपट्टी सोडवून मी तो उलटा केला.

मागच्या कोऱ्या बाजूवर लाल वाळूचा थर बसला होता. दाट, घट्ट, कुणीतरी थापल्यासारखा.

आज दिया कॉलेजात आहे. राजन म्हणतो, वाळू झटकून पुठ्ठा फ्रेम करून घेऊ. मी ऐकत नाही. पुठ्ठा होता तसाच भिंतीला लावलाय, चित्र आपल्याकडे करून, आणि रोज संध्याकाळी त्याच्यापुढे दिवा लावते. माझं लेकरू तिने परत दिलं. तिचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार? इमारतीतल्या नव्या मुलांना मी अजून तिची गोष्ट सांगते. वाट चुकली की बसा, म्हणते. कुणीतरी येतं.

मुलांना एक मात्र सांगत नाही. वर्षातून एकदा, त्याच दिवशी, मी पुठ्ठा सोडवून मागच्या बाजूवर अलगद बोटं फिरवते. सगळी वाळू कोरडी असते. फक्त वरच्या अंगाला, पलीकडे तिचा अंबाडा आहे त्याच्या पाठीमागे, शेजारी शेजारी, दोन ठिकाणी ती ओली लागते. अजूनही.