एक खुर्ची कमी

ती गेल्याचं दवाखान्यातून कळलं तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते. अकराला तिचा ऑनलाइन वर्ग होता. मला दुसरं काही सुचेना, म्हणून कामावरून घरी येऊन तिचा संगणक उघडला आणि तिच्या जागी बसून विद्यार्थ्यांना सांगितलं. वर्षभर कॅमेरा बंद ठेवणाऱ्या एकाने तो चालू केला.

माझी नि तिची भेट तिच्या अशाच एका वर्गातली. मी सुतार. लाकडाच्या पॉलिशचा कोर्स शोधत होतो, बोट भलतीकडे लागलं आणि फर्निचरचे आराखडे शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात जाऊन पडलो. निघायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "आलाच आहात, तर पाच मिनिटं बसा."

पाच आठवडे बसलो. डोक्यात काही शिरेना. व्हिडिओ लागला की मला झोप यायची, प्रश्नावली आली की घाम. शेवटी सोडतो म्हणून कळवलं. लगेच फोन आला.

"का सोडताय?"

"डोकं चालत नाही, बाई."

"काल माझ्या चित्रातल्या स्टुलाचा पाय आखूड आहे म्हणालात. ते कोणाचं डोकं होतं?"

"ते... दिसलं म्हणून बोललो."

"मग तुम्हाला तसंच शिकवते."

तिचं प्रत्येकाशी वेगळं असायचं. बडबड्यांना ती जोडीने काम द्यायची, लाजाळूंना सांगायची की वर्गात नका बोलू, आवाज रेकॉर्ड करून पाठवा. मला रोज एक चित्र यायचं आणि त्यात मुद्दाम केलेली एक चूक. ती शोधायची आणि चित्र दुरुस्त करून परत पाठवायचं. दुरुस्त्या करता करता मी आराखडे काढायला लागलो.

"आज लवकर सापडली?"

"तुम्ही सोपी ठेवलीत."

"असं होय... उद्या बघते तुमच्याकडे."

त्या उद्यासाठी मी दिवसभर शीळ घालत रंधा मारायचो. आमचा मिस्त्री म्हणायचा, लाकूड तासतोयस की लग्नाला निघालायस?

कोर्सच्या शेवटच्या दिवशी जेवणाच्या टेबलाचं चित्र आलं. दोन ताटं, दोन पेले. मी पाय मोजले, फळीची जाडी तपासली, सांधे पाहिले. सगळं चोख. दोन तासांनी डोक्यात उजेड पडला. हात धुतले, केस विंचरले, आणि मग फोन केला. फोनवर केस दिसत नाहीत, हे नंतर लक्षात आलं.

"बाई, खुर्ची एकच आहे."

"बरं... मग?"

"दुसरी मी करून आणतो. कुठे आणू?"

"पत्ता लिहून घ्या. दोन तास लावलेत, सुतार."

"मापं घेत होतो."

"मला ती चूक करायला तीन महिने लागले."

खुर्ची स्कूटरला बांधून घेऊन गेलो. तिच्या आईने दार उघडलं, खुर्ची पाहिली, मला पाहिलं. "आम्ही काही मागवलेलं नाही."

"मी मागवलंय, आई," ती आतून म्हणाली.

अकरा वर्षं संसार झाला. मी तिला बाईच म्हणायचो, ती मला सुतार. दर रविवारी चहासोबत एक चुकीचं चित्र मिळायचं. दवाखान्यातही तिने औषधांच्या चिठ्ठीमागे पुस्तकांचं कपाट काढून दिलं.

"चूक कुठे आहे?" मी लगेच विचारलं.

"आयतं सांगितलं तर तुम्हाला कधी कळलंय का? घरी गेल्यावर बोलू."

ती चिठ्ठी कामाच्या टेबलावर टाचून ठेवली आहे. चार वेळा मोजून झालं. फळ्या आणून ठेवल्या आहेत. चूक अजून सापडलेली नाही, आणि कपाट करायचं राहिलं आहे.