परिचयरोधक

मिरजेतल्या त्या मेंदू-प्रयोगशाळेत आजवर उंदरांवर प्रयोग झाले होते. आज उंदराच्या जागी खुद्द डॉ. श्रीरंग ओगले बसले होते. वय त्रेसष्ट, राग कायम नाकावर, आणि यंत्र स्वतःच बनवलेलं; त्यांना नाही कोण म्हणणार? त्यांची सहकारी तबस्सुम मुजावर त्यांच्या कानामागे तांदळाएवढी चकती बसवत होती.

"सर, पुन्हा एकदा सांगते. ओळखीचा प्रसंग आला की मेंदूत परिचय-लहर उठते. 'हे तर नेहमीचंच' असं ती कळवते आणि ठरलेली प्रतिक्रिया आपोआप बाहेर पडते. हा परिचयरोधक ती लहरच दाबतो. तुमची आठवण शाबूत राहील, पण प्रत्येक प्रसंग पहिल्यांदाच घडतोय असं वाटेल."

"म्हणजे चिडायला कारणच उरणार नाही," ओगले म्हणाले. "मला तेवढंच हवंय. नाहीतर शालनला एखाद्या शुश्रूषा-संस्थेत ठेवावं लागेल, माझ्या तोंडापासून वाचवायला."

शालनताई म्हणजे त्यांच्या पत्नी. तीन वर्षांपूर्वी जडलेल्या विस्मृतीच्या आजारानं त्यांच्या डोक्यातली अलीकडची वर्षं पुसून टाकली होती. एकुलता एक मुलगा निनाद सहा वर्षांपूर्वी अपघातात गेला, हेही त्यांना आठवत नसे. रोज दुपारी त्या तीन ताटं वाढत आणि विचारत, "निनाद कुठं राहिला हो?" 'येईलच एवढ्यात' अशी थाप मारून पाहिली, तर त्या दिवेलागणीपर्यंत दारात उभ्या राहत. म्हणून ओगले खरं सांगू लागले. आधी समजुतीनं, मग आवाज चढवून, आणि हल्ली तर तिसरं ताट ओट्यावर आपटून. "किती वेळा सांगू? गेला तो! सहा वर्षं झाली!" शालनताईंना ते दर वेळी नव्यानंच कळे. त्या पदर तोंडाला लावून रडत आणि ओगल्यांना स्वतःची भयंकर लाज वाटे. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा तेच.

चकती बसली त्याच दुपारी प्रश्न आला. ओगले रागाची वाट पाहत राहिले. राग आलाच नाही. त्यांनी शालनताईंचा हात हातात घेतला, "शालू, आपला निनाद गेला गं," असं म्हणाले, आणि स्वतःचेच शब्द ऐकून मटकन खाली बसले.

पाचव्या दिवशी ते प्रयोगशाळेत आले तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. तबस्सुमनं नोंदी पाहिल्या.

"राग शून्य! सर, यंत्र उत्तम चाललंय."

"अगदी उत्तम. चुकलो आपण. चाचण्यांमध्ये आपण फक्त राग मोजला. दुःख बोथट होतं तेही याच लहरीमुळे, तबस्सुम. चार दिवसांत माझा मुलगा चार वेळा गेला."

"या अल्ला! थांबा, लगेच काढते." तिनं चिमटा उचलला.

ओगल्यांनी कानावर हात ठेवला. "राहू दे."

"रोज हे सोसणार, सर?"

"ती सोसतेच आहे. तीन वर्षं, रोज, एकटी." ते म्हणाले. "काल तिनं माझे डोळे पुसले. म्हणाली, 'अहो, मला आधी का नाही सांगितलंत? एवढे दिवस एकटेच रडत होतात?'"

त्यांनी घड्याळ पाहिलं. जेवायची वेळ होत आली होती. ते उठले आणि घरी निघाले.