न केलेली सही

"माझा मालक फितूर नव्हता. येवढं शोधून द्या, सायेब," धोंडाबाई म्हणाल्या, आणि कपाळभर कुंकवाखाली त्यांचे डोळे भरून आले.

नाशिकला भद्रकालीतल्या कचेरीत खाजगी तपासनीस रियाज मुन्शी खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे मित्र बारकूतात्या, निवृत्त मास्तर, नेहमीप्रमाणे आधीच हळहळायला लागले होते.

प्रकरण असं. जर्मन लढाईत निफाडचे जमादार पुंजा इराकमधल्या कूत गावच्या वेढ्यात तुर्कांच्या कैदेत पडले. सरकारने 'बेपत्ता' कळवलं, ते कायमचंच. त्याच कैदेतून परतलेले सुभेदार चिमाजी देवळालीला राहत. कैदी अंमलदारांच्या सह्यांची एक वही त्यांच्याकडे होती. यंदा, एकोणीसशे चौतीसच्या जुन्या शिपायांच्या मेळाव्यात ती मांडली गेली, कुणा निफाडकराने चाळली, आणि झालं! सगळ्यांच्या सह्या आहेत, पुंजाची नाही. म्हणजे गडी तुर्कांना मिळाला. धोंडाबाईंच्या लेकीचं, सगुणाचं ठरलेलं लग्न मोडलं.

चिमाजींनी वही दिली, पण नजरेला नजर दिली नाही. सुभेदारीणबाई चहा आणि भजी घेऊन आल्या. भजी दिसली की तात्यांना दुसरं काही दिसत नसे.

"मुलंबाळं?" रियाजनी सहज विचारलं.

"दोन मुलगे. लेकीची हौस तेवढी राहिली," बाई हसल्या.

रियाज पानं उलटत होते. एक पान उर्दूत होतं. त्यांनी ते तात्यांना मराठी करून सांगितलं, "दोस्ता, लेकीच्या लग्नाला मला विसरू नकोस. जमादार नजीर." पुढच्या पानावर चिमाजींचीच सही, वर 'सुखरूप घरी जा'. शेवटचं पान कोरं.

"पुंजा तुमच्या छावणीत होते?"

"होता. पुढं कुठं गेला, ठाऊक नाही."

नजीर मालेगावला भेटले. दृष्टी गेलेली, जीभ मात्र शाबूत.

"पुंजा? माझ्या शेजारी झोपायचा! मला दुसऱ्या छावणीत हलवलं तोवर तिथंच होता. फितूर? तोबा तोबा! वह्या सगळ्यांकडेच होत्या, साहेब. बसून करणार काय? माझीत तू लिही, तुझीत मी लिहितो. कुणी हलला की निरोपाचं पान."

परतताना तात्या म्हणाले, "मग पुंजाने सही का केली नाही? भांडण झालं असेल."

एवढं शोधून काढल्यावर रियाजनी असं तोंड पाडून बसावं का? तात्यांना काही उमगेना.

दुसऱ्या दिवशी चिमाजींच्या ओट्यावर धोंडाबाई आणि सगुणा येऊन बसल्या.

"तात्या, शाळेत हजेरी घेताना तुम्ही स्वतःचं नाव पुकारत होतात का?" रियाजनी विचारलं.

"भलतंच! माझं कशाला?"

"वहीचंही तसंच. दोस्त लिहितात, मालक लिहीत नाही. सगळी छावणी आहे, फक्त पुंजा नाहीत, कारण वही पुंजांची. सुभेदार, स्वतःलाच 'सुखरूप घरी जा' कोण लिहितो? आणि तुम्हाला लेक नाही. नजीरनी लिहिलं ते सगुणाच्या लग्नाचं. उर्दू येत नाही, म्हणून ते पान तुमच्या ध्यानात आलं नाही."

चिमाजींनी तोंड झाकून घेतलं.

"तापात गेला हो! माझ्या मांडीवर गेला. म्हणाला, वही घरी दे. मी निफाडला आलो होतो. वहिनी दारात उभ्या, कपाळभर कुंकू. जीभच रेटेना. तसाच मागं फिरलो. मग कुणी विचारलं, वही कुणाची, तर माझी म्हणून बसलो. यंदा बोभाटा झाला तेव्हाही तोंड उघडलं नाही."

"जिंकलात, धोंडाबाई!" तात्या हर्षाने म्हणाले, आणि मग त्यांना कळलं. फितूर नवरा निदान जिवंत तरी होता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सगुणा आईला बिलगून रडायला लागली. धोंडाबाई रडल्या नाहीत. त्यांनी वही मांडीवर घेतली, पान न् पान उलटलं.

"ह्ये कोरं कुणासाठी?"

"शेवटचं पान घरचं, म्हणायचा," चिमाजी कसेबसे बोलले.

धोंडाबाईंनी अंगठ्याने कपाळावरचं कुंकू पुसलं आणि तोच अंगठा त्या पानावर दाबला.

"मला लिवता येत नाय," त्या म्हणाल्या, "पन समद्यांची झाली, माझीच राह्यली व्हती."