काळी बोटं

"हलू नका!"

मी दचकले. समोर पंखांचा दगडी बैल, मागे कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली वाकलेला एक तरुण. आणि मी हललेच.

"संपलं! आता बैलाशेजारी भूत उमटणार," तो डोकं बाहेर काढत म्हणाला. "नुसता झगा, चेहरा नाही."

"मग चेहऱ्यासाठी पुन्हा काढा ना..." मी बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले.

हा अँब्रोज पेल, लंडनच्या संग्रहालयाचा फोटोग्राफर. मी टॅबिथा क्रोल, तिथल्या द्वारपालाची मुलगी. वडिलांचं जेवण पोचवता पोचवता मी छतावरच्या त्याच्या काचेच्या खोलीपर्यंत पोचले. धुकं पडलं की उजेड नाही, काम बंद — म्हणजे आमच्या गप्पा. चांदीच्या द्रावणात फोटोच्या काचा बुडवून त्याची बोटं काळी पडलेली. पण मला भीती वाटे ती चित्र पक्कं करायच्या विषाच्या बरणीची. त्यातलं कणभर रक्तात गेलं की माणूस संपला.

"घाबरता काय, मिस क्रोल? मी अजून जिवंत आहे."

वडिलांनी त्याला रविवारी जेवायला बोलावलं. कशासाठी, ते तिघांनाही ठाऊक होतं. "हात धुऊन ये म्हणावं," ते म्हणाले, "माझ्या टेबलावर कोळसेवाला नको." निरोप मी हसत पोचवला.

शनिवारी वर गेले, तर तो त्याच बरणीतल्या खड्यानं बोटं घासत होता! डाग भराभर जात होते. आणि अंगठ्यावर काचेची ताजी चीर...

"टाक ते! अँब्रोज, टाक!"

मी त्याचा हात ओढून त्यावर अख्खी घागर रिती केली. त्याचे ओठ, त्याचा श्वास... विष चढतंय का ते बघत माझी नजर हलेना.

"चक्कर येतेय का?"

"येतेय... तू हात धरलायस म्हणून."

"थट्टा नको! मेला असतास तर?" मला रडू फुटलं.

"काळ्या हातांनी तुझा हात कसा मागू, टॅबिथा?"

मी वळले. चांदीच्या द्रावणात माझी पाचही बोटं बुडवली.

"अगं, ते डाग विषाशिवाय निघत नाहीत!"

"माहितीय."

मी हात खिडकीतल्या उन्हात धरला. बोटं हळूहळू काळवंडत गेली. दुसऱ्या हातात त्याचं मनगट होतं, आणि नाडी लागतेय ना, हे मी पुन्हा पुन्हा बघत होते.

रविवारी वडिलांनी त्याचे अर्धवट काळे हात पाहिले. मग माझा पाहिला. आणि भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

"बटाटे घे, अँब्रोज," ते शेवटी म्हणाले.