अकराच्या जागी चार

पाळणाघराच्या पायरीवर एक अनोळखी माणूस लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. तिथे असं कुणी दिसलं की मी आधी चौकशी करते, म्हणून मी त्याला नीट न्याहाळलं. बुटांना चिखल, बाहीला गवताची काडी, आणि भुरभुर लागू नये म्हणून स्वतःची टोपी काढून स्क्रीनवर धरलेली. पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, गुरांचे डॉक्टर आहेत, भाचीला न्यायला आलेत. तेव्हा कुठे जिवात जीव आला... आणि मग नजर स्क्रीनवर गेली.

ती साइट माझ्या ओळखीची होती. माझी लेक बबडी व्हायच्या आधी मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, तेव्हा मुलांना तीच दाखवायची. जंतूच्या जनुकांची लाखो अक्षरं तिच्यावर टाकायची. कुठलं जनुक कुठे सुरू होतं, कुठे संपतं, काय काम करतं, याच्या नोंदी ती लावून देते. तेही फुकट. याच्या नोंदींत मात्र सगळ्या जनुकांचे तुकडे तुकडे झाले होते.

"दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावू नये म्हणतात," तो वर न बघता म्हणाला.

"मग भर पायरीवर उघडू नये."

तो हसला नाही, पण सरकून त्याने जागा केली.

एका कळपातल्या शेळ्या खोकून खोकून मरत होत्या. त्यांच्या फुप्फुसातला जंतू कुठल्या औषधाला दाद देणार नाही, हे त्याला जनुकांत शोधायचं होतं. तुकडे पाहून त्याला वाटलं, नमुनाच खराब निघाला. पुन्हा पाठवावा, तर तोवर कळप उरला नसता.

जंतू कोणता, मी विचारलं. मायकोप्लाझ्मा, तो म्हणाला. जनुक कुठल्या नियमाने वाचायचं, त्या नियमाचा क्रमांक लिहायचा साइटवरचा रकाना मी दाखवला. जनुक वाचताना बहुतेक जंतू ज्या तीन अक्षरांवर थांबतात, त्यांवर हा थांबत नाही, पुढे वाचत जातो. पण ते साइटला आधी सांगावं लागतं, नाहीतर ती तिथेच जनुक तोडते.

"इथे अकरा आहे ना... चार करा."

त्याने चार केलं. आम्ही वाट पाहत बसलो. त्याच्या भिजलेल्या बाहीचा गारवा माझ्या हाताला लागत होता, आणि मी हात मागे घेतला नाही, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. मग नोंदी आल्या. सगळी जनुकं सलग, धडधाकट.

औषधाला दाद न देणारं जनुक त्याने नोंदींत शोधून काढलं. मग माझ्याकडे पाहिलं.

औषध बदललं, उरलेल्या शेळ्या चरायला लागल्या. आणि भाचीला न्यायला तिची आई मोकळी असली तरी डॉक्टरच येऊ लागले. कधी नवीन जंतूच्या नोंदी दाखवायला, कधी नुसतेच. "आज कुठला रकाना चुकला?" मी विचारायची. "आज मुद्दाम चुकवलाय," ते म्हणायचे. बबडी त्यांच्या बुटांवर बसून त्यांच्या लेसशी खेळायची. ते पाहिलं की मी तिला उचलून घ्यायची.

तिचे बाबा एका सकाळी "लगेच येतो" म्हणून गेले आणि रस्त्यातच अपघातात गेले. अजून दार वाजलं की ती सगळ्यांच्या आधी धावते. तिला या माणसाची सवय लागली आणि हाही गेला, तर? मला माझी भीती नव्हती. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ताक फुंकून पी हवं तर, पण पी.

मग एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले, तोंड उतरलेलं. लांबच्या भागात गुरांची साथ होती, त्यांना तिकडे धाडत होते. कित्येक महिने. मी आत बबडीकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "तिला काही सांगू नका. काकांना काम आहे म्हणेन मी. विसरेल ती."

"मला तिने विसरायला नकोय," ते म्हणाले. "मीच सांगतो."

ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. दूर जातोय, म्हणाले. तिने ठोकळे खाली ठेवले.

"लगेच येणार?"

बाहेर निघणाऱ्या प्रत्येकाला ती हेच विचारते. आम्ही सगळेच तिला हो म्हणतो.

"नाही," ते म्हणाले. "लगेच नाही. खूप दिवस लागतील. पण येणार."

बबडीने भोकाड पसरलं. त्यांनी चॉकलेट काढलं नाही, 'शहाणी ना तू' म्हटलं नाही. तिचं रडून होईपर्यंत तिथेच बसून राहिले, तिचा हात हातात घेऊन. रडून झाल्यावर ती त्यांच्या मांडीवर चढली, आणि या वेळी मी तिला उचललं नाही.

निघताना ते दारात थबकले. "तुम्हाला काय सांगू... ते मला अजून जमत नाहीये."

"मग मी सांगते." मी दार धरून म्हटलं. "ती तुमची वाट पाहीलच. आणि मीही... तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी."