केबिनला आंघोळ कोण घालतं?

"हिला कुणीतरी पुन्हा आंघोळ घातली!"

चिमटी इतक्या जोरात किंचाळली, की खालच्या वाचनकक्षातून ग्रंथपालबाईंचं "शूऽऽऽ!" जिना चढून थेट वर आलं.

गोंद्या धावत टेबलापाशी आला. त्याच्यामागे त्याचा धाकटा भाऊ आला. तो गोंद्याच्या मागेमागेच असायचा, म्हणून त्याचं नाव शेपूट. गोंद्याच्या बोटांना कायम गोंद चिकटलेला असे आणि चिमटीच्या हातात कायम बारीक चिमटा. भांडणात ती चिमटे काढते म्हणूनही हे नाव पडलं, असं गोंद्या म्हणायचा. पण तो हे दोन हात लांब उभा राहूनच म्हणायचा.

वाचनालयाच्या माडीवर, भल्यामोठ्या टेबलावर त्यांची छोटी रेल्वे पसरली होती. बोटभर उंचीचं स्टेशन, काड्यांचा पूल, वापरलेली चहापत्ती वाळवून केलेली माती, भांडी घासायच्या स्पंजची झुडपं! सुट्टी लागल्यापासून तिघं इथंच पडीक होते. हा सगळा खटाटोप चिमटीच्या मामाचा. मामा दातांचा डॉक्टर. रुग्णांच्या दातांवर झिजलेली हत्यारं तो इकडे आणायचा आणि त्यांनी इवल्याशा खिडक्या कोरायचा. दात सोडले तर बाकी जगात तो पक्का धांदरट होता.

आणि टेबलाच्या मधोमध उभी होती चिमटीची सिग्नल केबिन.

काल संध्याकाळी चिमटीने तिच्यावर जीव ओतला होता. काळा रंग पाण्यात पार पातळ करून फटीफटींत सोडला होता. तांबडा खडू पॉलिशपेपरवर घासून त्याची पूड कोरड्या ब्रशने पत्र्यावर थापली होती, अगदी गंज चढल्यासारखी. खिडक्यांखाली पावसाचे ओघळ काढले होते. नवंकोरं मॉडेल जुनं दिसायला लागलं की मगच ते खरं वाटतं, हा मामाचा पहिला धडा.

आणि आज केबिन लख्ख! जणू आत्ताच खोक्यातून निघाली होती.

"परवाही असंच झालं," चिमटीला रडू यायच्या बेतात होतं. "रविवारी उद्घाटन आहे. मी करायचं तरी किती वेळा?"

"रंग पक्का करायचा फवारा मारला असता, तर पुसलाच गेला नसता," गोंद्या म्हणाला.

"तो मामा आणणार होता."

"मग झालंच!" गोंद्या आणि शेपूट एका सुरात म्हणाले.

तेवढ्यात मामाच धापा टाकत वर आला. "फवारा विसरलो! उद्या नक्की!" मग त्याने केबिन पाहिली आणि डोकं खाजवलं. "हे बघ चिमटे, शनिवारपर्यंत ही तयार झाली नाही, तर इथे मी तो तयार पेट्रोल पंप ठेवणार. पाहुण्यांना अर्धवट काम दाखवायचं नाही."

"पेट्रोल पंप? आजोबांच्या केबिनच्या जागी?"

मामा ओशाळला. कारण ही केबिन त्याच्याही वडिलांची होती.

आजोबांनी सगळी नोकरी स्टेशनजवळच्या खऱ्या केबिनमध्ये, लिव्हरचे दांडे ओढून गाड्यांना सिग्नल देण्यात काढली होती. मग सिग्नल आपोआप चालायला लागले आणि रिकामी केबिन एके दिवशी पाडून टाकली. त्या दिवसापासून आजोबा स्टेशनच्या बाजूला फिरकले नव्हते. घरात उरला होता तो केबिनचा एक जुना फोटो. चिमटीने तो भिंग लावून पाहून पाहून प्रत्येक डाग जसाच्या तसा उतरवला होता. आजोबांनी रविवारी यावं आणि ती बघावी, एवढंच तिला हवं होतं. पण आजोबांनी आधीच सांगून टाकलं होतं, "खेळण्यांत जीव रमवायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? मी येणार नाही!"

मामा दवाखान्यात पळाला आणि तिघांनी तपासाला सुरुवात केली.

चिमटीने केबिनचं छप्पर अलगद उचललं. आत टाचण्यांचे लिव्हर रांगेत उभे होते. तेही चमकत होते! शेपटाने भिंगाला नाक लावलं.

"हे काय? यावर कापड आहे!"

एका टाचणीवर नखाएवढं पिवळं फडकं नीट घडी करून अडकवलेलं होतं.

"उंदराचा रुमाल!" शेपटाने जाहीर केलं.

"उंदीर कपडे धुतात होय रे, दीडशहाण्या?" गोंद्याने त्याला टपली मारली.

चिमटी मात्र दुसरीकडेच बघत होती. "गोंद्या, दाराच्या चौकटीवरचा हा काळा ठिपका बघ. सगळं पुसलंय, पण हा तसाच आहे."

"राहून गेला असेल."

"खिडकीच्या कोपऱ्यातली रेघसुद्धा ज्याला दिसली, त्याचा एवढा ठळक ठिपका राहून जाईल? फोटोत तो आहे म्हणून मी काढला. कशाचा आहे ते मलाही माहीत नाही."

कोडं काही सुटेना. पण संशय घ्यायला एक माणूस आयतंच होतं. धुळीशी जन्माचं वैर असलेलं, कमरेला फडकं खोचून फिरणारं!

"मी?" ग्रंथपालबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मी पुस्तकांवरची धूळ काढते. तुमच्या त्या उकिरड्याला मी काठीनेसुद्धा शिवणार नाही!"

"पण बाई, खोलीला कुलूप असतं. किल्ली तर फक्त..."

"किल्ली? तुमचे मामा ती 'गुप्त जागी' ठेवतात, म्हणजे वर्तमानपत्रांच्या टेबलामागच्या खिळ्याला! पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते." बाई आता चांगल्याच पेटल्या. "माझ्यावर आळ घेता काय? आता मीच तुम्हाला मदत करणार. चोर पकडा, नाहीतर तोंड दाखवू नका!"

"चोर नाही बाई," शेपूट म्हणाला, "धोबी!"

बाईंनी हसू दाबायला तोंडापुढे रजिस्टर धरलं.

युक्ती चिमटीला सुचली. टेबलावर कुठेच न वापरलेला रंग होता निळा. संध्याकाळी तिने केबिन पुन्हा मळवली आणि निळ्या खडूची पिठासारखी बारीक पूड छपराच्या आतून भुरभुरवली. छप्पर उचलल्याशिवाय लिव्हर पुसता येणार नव्हते, आणि छप्पर उचललं की बोटं निळी!

दुसऱ्या दिवशी केबिन पुन्हा लख्ख होती, आणि छपराच्या आतली पूड बोटांनी फिसकटलेली! तिघं हात तपासायला सुटले. बाईंनी दोन्ही तळवे मानाने पुढे केले. ते आरशासारखे स्वच्छ होते. मामाची बोटं पाहिली, तर त्यांच्यावर तांबडा, हिरवा, पिवळा, जांभळा आणि निळा, असे सगळेच रंग होते.

"याचा काही उपयोग नाही," गोंद्या हताशपणे म्हणाला. "हा माणूस पुरावा म्हणून बाद!"

चिमटी पाय ओढत जेवायला घरी आली. आजोबा समोर बसले होते. आज ते दुसऱ्यांदा वाढून घेत होते. आणि जेवता जेवता त्यांनी मिशीला पीळ दिला.

चिमटीचा घास हातातच राहिला. केबिन पाडल्यापासून आजोबांनी मिशीला पीळ दिला नव्हता. आणि आता ज्या टोकाला ते पीळ देत होते, ते टोक निळं होतं!

"बाबा, मिशीला काय लागलंय?" आईने विचारलं.

"पेपरची शाई असेल," आजोबा शांतपणे म्हणाले.

निळ्या शाईचा पेपर! चिमटीला असा ठसका लागला, की आईला तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. तिला हसूही येत होतं आणि रागही. आणि त्या दोन्हींच्या खाली कुठेतरी फार फार बरं वाटत होतं.

"मग सांग ना तोंडावर!" दुपारी गोंद्या म्हणाला.

"सरळ विचारलं तर ते कानांवर हात ठेवतील, आणि पुन्हा कधी वर येणारच नाहीत. त्यांना तिथेच गाठायला हवं."

तिने केबिन परत मळवली, या वेळी जरा जास्तच. छपरालाही निळी पूड लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी बाईंनी तिघांना मागच्या दाराने आत घेतलं, माडीवरच्या खोलीत सोडून बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली. तिघं टेबलाच्या लांब झालरीआड दडून बसले. गोंद्याने चिमटीच्या पायावर पाय दिला. चिमटीने त्याला चिमटा काढला. शेपटाने दोघांना "शूऽऽ" केलं, अगदी बाईंसारखं.

कुलूप खडखडलं. पायपुसण्यावर बूट घासल्याचा आवाज आला. मग कुणीतरी गुणगुणत टेबलाजवळ आलं.

"अगं बाई गं! आज तर पार कोळशाची खाण केली तुझी!" आजोबा केबिनशी बोलत होते. "थांब हं. आत्ता आवरू तुला."

झालरीच्या फटीतून चिमटीला दिसलं, आजोबांनी खिशातून कापूस गुंडाळलेली आगकाडी काढली. आणि ज्या बोटांनी ते मोठे लिव्हर खेचायचे, त्याच जाडजाड बोटांनी ते इवल्या खिडक्या पुसायला लागले. एकही खिडकी निखळली नाही.

मग आजोबांनी छप्पर उचललं. निळी पूड खाली उडाली आणि...

"आऽऽक्छी!" शेपूट शिंकला.

आजोबा दचकून वळले. झालरीखालून तीन डोकी बाहेर आली.

"आजोबा," चिमटी म्हणाली, "रंगेहाथ सापडलात! आणि रंगेमिशीही!"

आजोबांचा हात चटकन मिशीकडे गेला आणि ती पुन्हा निळी झाली. पोरं खो खो हसायला लागली. पण आजोबा हसले नाहीत.

"हसता काय? माझी केबिन कधीच घाण नव्हती! ड्यूटीवर चढलं की आधी काचा, मग लिव्हर! हाताचा घाम लागला की लोखंड गंजतं, म्हणून लिव्हर फडक्याने धरायचा. उघड्या हाताने कुणाला शिवू दिला नाही मी. आणि तू तिला गंज चढवतेस?"

"पण फोटोत ती काळीच आहे!" चिमटीही इरेला पेटली. "मी भिंगाने बघितलंय!"

"अगं, नुकतीच कोळशाची मालगाडी गेली होती! त्या फोटोवाल्याला म्हटलं, थांब, फडकं मारतो. थांबला नाही लेकाचा!"

चिमटी खाली बसली. सगळे डाग अगदी बरोबर उतरवले होते, पण ते एकाच दुपारचे!

"मग मला सांगायचं होतंत ना, आजोबा. मी तर तुमच्यासाठीच केली."

आजोबांचा आवाज एकदम खाली आला. "कसं सांगणार? येणार नाही म्हणून बसलो होतो ना! पेपर वाचायला आलो, किल्ली दिसली. म्हटलं, एकदाच बघून येऊ. बघितली आणि राहवेना. ती परत उभी राहील, असं वाटलं नव्हतं गं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे केस निळे झाले, पण तिने हात बाजूला केला नाही.

"आणि दारावरचा ठिपका का नाही पुसलात?" गोंद्याने विचारलं.

आजोबा मिशीत हसले. "ते रविवारी कळेल."

"म्हणजे तुम्ही येणार!" तिघं ओरडले. खालून "शूऽऽऽ" आलं, पण आज त्यात दम नव्हता.

मग तह झाला. भिंती, काचा आणि लिव्हर चकचकीत राहतील. छपरावर काजळी चालेल, कारण तिथे आजोबांचा हात पोचत नसे. आणि शेजारचा मालधक्का? "तो हवा तेवढा घाण करा. तिथला कारकून आळशीच होता!" शनिवारी मामा फवारा घेऊन आला. त्याने तो चक्क स्वतः आठवणीने आणला होता, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलाच्या कडेला मामाने खरोखर चालणारा एक लिव्हर बसवला होता, दातांच्या जुन्या हत्याराचा. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून पुढे आले. त्यांनी खिशातून पिवळं फडकं काढलं. जुनं, विटलेलं, एका कोपऱ्यात नखाएवढं कातरलेलं! शेपटाने चिमटीला कोपराने ढोसलं. आजोबांनी फडक्याने लिव्हर धरला आणि खेचला. टक्! इवल्या सिग्नलचा हात खाली पडला आणि गाडी पुलावरून धडधडत निघाली. काय त्या टाळ्या!

"या उकिरड्यासाठी ही खोली कायमची द्यावी, अशी मी समितीला शिफारस करते," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आणि हे तिघं अव्वल दर्जाचे गुप्तहेर आहेत. माझ्यावर संशय घेतला, तेवढं सोडून!"

"पोरांनो, मलाही जमलं नसतं एवढं बारीक काम केलंत," मामा म्हणाला.

चिमटीची आई मात्र केबिनपुढे वाकून केव्हाची उभी होती.

"बाबा, चौकटीवर हे काय आहे?"

"ओळख बघू."

आईने बराच वेळ बघितलं. मग तिने हात तोंडावर नेला. "माझा हात!"

"हिला चार वर्षांची असताना केबिनवर नेलं होतं," आजोबा चिमटीला सांगू लागले. "हिने तेलाच्या डब्यात हात घातला आणि टेकवला थेट चौकटीवर. रोज सगळी केबिन पुसायचो मी, पण तेवढा पंजा कधी पुसला नाही. केबिन पाडली तेव्हा तोही गेला असं वाटलं होतं. आणि तू तो काय आहे हे माहीत नसताना परत आणलास!"

आईने करंगळीचं टोक त्या ठिपक्याजवळ नेलं. ठिपका त्याहून लहान होता. ती हसली आणि तिने डोळे पुसले.

आजोबांनी पिवळ्या फडक्याची नीट घडी घातली आणि ती चिमटीच्या हातात ठेवली.

"आजपासून केबिन तुझ्या ताब्यात. रोज पुसायची!"

"सगळी?" चिमटीने मिश्कीलपणे विचारलं.

"सगळी," आजोबा म्हणाले आणि त्यांनी मिशीला झक्क पीळ दिला. "चौकट सोडून."